वाल सोलणारा फादर

मु. दिघाशी, ता. भिवंडी
मंगळवार, दुपारची जेवणं झाल्यावर

चि. सौ. हौसा हिला थोरली बहीण गुणाबाईचे पोटभर आशीर्वाद. रामनाथभाऊजींना नमस्कार.

कागद बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी खाली बस आणि पत्राचे कोपरे बघ. चारही कोपरे शाबूत आहेत. एकही फाडलेला नाही. म्हणजे इकडे कोणी गेलेलं नाही, सगळे जागच्या जागी आहेत, म्हैससुद्धा. तुझा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल लावतेस का नुसतं शेजारणीला वास देतेस? भाऊजींची साखर उतरली का, का अजून देवाच्या फोटोमागं पेढे लपवतात? तुमच्या पूर्णा गावात गोडाऊनचे ट्रक दारातून जातात तेव्हा भांडी वाजतात म्हणालीस, तर फळीला पुढून दोरी बांध. पत्र शेजारच्या मेघालीच्या हाती देते आहे. ती तिकडं पॅकिंगच्या ड्युटीला येते, त्यामुळं पोस्टाचं तिकीट वाचलं आणि तिला तुझ्या हातचा चहा मिळेल. तुझा नातू ड्युटीवरून आला की वाचून दाखवील. (भावेश बाळा, आजीचा उजवा कान बरा आहे, त्या बाजूला बस. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, वेलांट्यांना हसू नकोस. आणि बातम्या दिल्यासारखं भरभर वाचू नकोस.)

आता तू म्हणशील, बाय, मोबाईल असताना कागद कशाला? तर माझा मोबाईल जप्त झाला आहे. पोलिसांनी नाही, नातीनं केला. चाळीस दिवसांसाठी. त्यातले बारा गेले. का केला ते सांगते, पण त्याच्या आधी तिची, म्हणजे उन्नतीची, कबड्डीतली पकड सांगायला हवी, आणि पकड सांगितली की फादर सांगायला हवा, आणि फादर सांगायला बसले की मला थांबता येत नाही. सगळा गाव मला टाळायला लागलाय. तुला टाळता येणार नाही, कागद हातात आहे.

कबड्डीचा शेवटचा सामना बघायला तू आली नव्हतीस. शहापूरच्या मैदानात, संध्याकाळी. आपण एका गुणानं मागं, शेवटची चढाई, अर्धं मिनिट राहिलेलं. उन्नती गेली, साळुंकीसारखी इकडून तिकडं नाचली, दोघींना हात लावला, वळली, आणि मधली रेषा वीतभर लांब असताना पोरीनं आनंदानं दोन्ही हात वर केले. मागून त्यांच्या करिष्मानं झेप टाकून घोटा धरला. हात पुढं असते तर पडता पडता बोट रेषेला लागलं असतं. हात होते आभाळात. लागलं ते नाक, आणि तेही रेषेच्या अलीकडं. हरलो. हरण्याचं काही नाही, आपण जमिनीच्या कोर्टातपण हरलोय. पण कोणीतरी ते मोबाईलवर काढलं, त्याला गाणं लावलं, नाक आपटतं तिथं ढोल लावला आणि तेवढंच पुन्हा पुन्हा फिरवलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पोर बारा वेळा पडली.

मग त्याच्याखाली माणसं यायला लागली. आधी हसणारे आले. मग शिकवणारे आले (ज्यांना पोटामुळं स्वतःच्या पायाचा अंगठा दिसत नाही असले). मग पैसे खाऊन हरली म्हणणारे आले. त्यानंतर जे आले त्यांचं मी लिहीत नाही, तुझ्या घरात लहान मुलं आहेत. पोरीचं नाव पडलं हँड्सअप. बस स्टँडवर अनोळखी पोरं तिला बघून दोन्ही हात वर करायला लागली. हौसा, आपली उन्नती, एकोणीस वर्षांची, एका बसणीला तीन भाकऱ्या खाणारी, ती अर्ध्या भाकरीवर आली. गोधडी डोक्यावरून घ्यायची आणि आत मोबाईलचा उजेड, जशी काय काजवा पाळलाय. सागर सर, म्हणजे तिचे कोच, तीनदा घरी येऊन गेले. महाराष्ट्राच्या संघाची निवड तोंडावर आलेली, आणि पोर म्हणते मी खेळणार नाही, माझे बूट कोणाला द्यायचे ते द्या. बूट द्या म्हणाली तेव्हा मी खरी घाबरले. ह्यांनी जायच्या आधी आठ दिवस घड्याळ देऊन टाकलं होतं, तुला आठवत असेल.

मी म्हटलं, ही दृष्ट आहे. आणि दृष्ट पोरीला लागलेली नाही, मोबाईलला लागली आहे, कारण लोक पोरीकडं बघतच नाहीत, मोबाईलमध्ये बघतात. मला अजूनही हे बरोबर वाटतं. मोबाईल पाटावर ठेवला, मीठ-मिरच्या सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. सगळं घर खोकलं. माधवी, म्हणजे आमची सून, अंगणात पळाली, म्हशीनं दूध चोरलं. आणि उन्नतीनं बघितलं तर तेवढ्या वेळात चौदा कमेंटा वाढलेल्या.

मग मी दुसरा मार्ग धरला, आणि तिथं चुकले. आमच्या पोरानं, मनोजनं, मला जुना मोबाईल दिलेला आहे. त्यात माईकचं चित्र दाबून बोललं की तो आपलं आपण लिहितो. चौथी पासची पण गरज नाही. मी एकेकाला उत्तर द्यायला बसले. तीन दिवसांत एकशे चाळीस जणांना दिलं. तू मला ओळखतेस, मी विहिरीवरच्या भांडणात कोणाला ऐकलेली नाही. त्यांच्या आईला काही बोलले नाही, आयांचा काय दोष, पण त्यांच्या तोंडाला, हातांना, मिशीला आणि ज्या दिवशी त्यांना मोबाईल घेऊन दिला त्या दिवसाला बोलले. मला वाटत होतं मी माझ्या नावानं बोलतेय. पण त्या मोबाईलमध्ये मनोजनं ह्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला जे खातं उघडलं होतं तेच चालू होतं. (नाव लिहिते, कागदावर चालतं म्हणतात.) वर लिहिलेलं, कै. सावळाराम यांस भावपूर्ण आदरांजली. बाजूला ह्यांचा हार घातलेला फोटो, खाली समई. आणि त्या समईखालून एकशे चाळीस शिव्या.

हौसा, माणूस जिवंतपणी कोणाला अरे म्हणाला नाही! सगळ्या तालुक्यात झालं, सावळाराम वरून शिव्या देतोय. कोणी लिहिलं, काका शांत व्हा, आत्म्याला त्रास होईल. कोणी लिहिलं, तिकडं नेटवर्क चांगलं आहे वाटतं. आमचा भाऊबंद हरेश रात्रीची झोप सोडून सकाळीच आला आणि मनोजला म्हणतो, "भाऊ, पिंडाला कावळा शिवला व्हता ना नक्की? काय राह्यलं आसंल त्यांचं, आपण करून टाकू." आणि ते पडण्याचं रील, जे जरा थंड होत आलेलं, ते माझ्यामुळं पुन्हा पेटलं. उन्नती त्या दिवशी जेवलीच नाही.

तेव्हा सागर सर फादरला घेऊन आले. फादर बस्त्याव तुस्कानो, वसईचे. सर म्हणाले, ह्यांच्या कामाला चॅपलन म्हणतात. म्हणजे हा पाद्री देवळात कमी आणि मैदानावर जास्त असतो. खेळाडू कुठल्या संघाचा, कुठल्या देवाचा, ते विचारत नाही. पायाला लागलं की डॉक्टर आहेत, मनाला लागलं की हा. मला तर ऐकूनच उभारी आली. पंचाहत्तर वर्षांत मी भगत बघितले, वैदू बघितले, बंगाली बाबा बघितला, मैदानावरचा पाद्री बघितला नव्हता. पण मनोज मला मागच्या दारी घेऊन गेला. "आये, ते पाद्री हाय. आज वट्यावं बसंल, उद्या पोरीच्या गळ्यात क्रूस घालंल." मी म्हटलं, कबड्डीत तिला गळ्यात काळा दोरापण घालू देत न्हाय, क्रूस कुठं घालंल? तरी म्हटलं नजर ठेवावी. मी सुपात वाल घेऊन ओट्यावर त्यांच्या मध्येच बसले. रात्री भिजवलेले वाल, बिरड्याला सोलायचे होते, म्हणजे उठायचं कारणच नाही.

आणि आल्या आल्या विचारून टाकलं, पोरीला बाटवणार का? माधवीनं मागून माझा पदर ओढला. तो हसला. म्हणाला, "मावशी, तिनं विचारल्याशिवाय मी देवाचं नावपण काढणार नाही. तिनं विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर वाल सोलीन." आणि खरंच सोलायला लागला. पटापट, दाणा न तोडता. त्यांच्या वसईलाही बिरडं करतात म्हणे. मी तेव्हाच निम्मी त्याच्या बाजूला गेले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी तो तासभर काही बोललाच नाही. उन्नती भिंतीला टेकून मोबाईलकडं बघतेय, तो वाल सोलतोय, मी वाट बघतेय आता काय करेल. अंगात येईना, लिंबू कापेना, राख मागेना. हा भगत कसला? शेवटी मला राहवलं नाही, मीच त्याला विचारत बसले. लग्न का केलं नाही? (म्हणाला, व्रत असतं तसं. मी म्हटलं, आमच्यात व्रतं लग्न जमायला करतात.) गुडघ्यावर शिवण कसली? तर तो व्हॉलीबॉल खेळायचा, गावाच्या संघात. तीस वर्षांपूर्वी शेवटच्या सामन्यात ह्याची सर्व्हिस जाळ्यात गेली. मैदानावर चाळीस माणसं होती, चाळीसही जणांनी शिव्या दिल्या. "पण मावशी, संध्याकाळी त्यांना जेवायला घरी जावं लागलं. हिला शिव्या देणारे घरी जातच नाहीत." हे ऐकून उन्नतीनं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, "मग तुम्ही काय केलं?" म्हणाला, "रडलो. मग आईनं मासे साफ करायला बसवलं."

दुसऱ्या दिवशी तो परत आला, परवानगी विचारून मोबाईल मागितला आणि पोरीला सांगितलं, ह्या सगळ्या नावांमधून जा आणि ज्या ज्या घरी तू कधी पाणी प्यायली आहेस तेवढी घरं मोज. चारशे अकरा नावं होती. पोर तासभर बोट फिरवत बसली. तीन घरं निघाली. एक गिरणीवाला, एक तिचे जुने पी.टी.चे मास्तर आणि एक तिनं सांगितलं नाही. फादरनंही विचारलं नाही. नुसता म्हणाला, "चारशे आठ जणांना तुझं घर माहीत नाही, तुला त्यांचं नाही. तो वाटेवरचा गोंगाट आहे. तीन जणांचं मात्र लागणारच, ते लागू दे. त्यांच्याशी तोंडानं बोल, बोटानं नको." मी ते वाक्य मनोजकडून मोबाईलवर टाकून घेणार होते, मग लक्षात आलं की तेच करू नका म्हणतोय.

जाताना मीच म्हटलं, तुमची प्रार्थना कशी असते ती ऐकव तरी, पोरीची हरकत नसेल तर. उन्नतीनं खांदे उडवले, म्हणजे हो. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, हे देवा, ह्या पोरीला आज झोप लागू दे. संपलं! मी म्हटलं, एवढंच? आमच्या भगताला तर नुसता पत्ता सांगायला पाव तास लागतो. म्हणाला, "त्याला पत्ता माहीत आहे." त्या दिवशी पोर दिवेलागणीला झोपली ती सकाळी म्हशीच्या हंबरण्यानं उठली. (मी गावदेवीलाही नारळ बोलले होते, तेव्हा श्रेय दोघांत वाटून घ्यावं. कोणाला राग नको.)

मग माझी पाळी आली. भगताला कोंबडी देतात तशी मी त्याच्यासाठी तुऱ्याची काळी कोंबडी बांधून ठेवली होती. तर त्यांचे उपासाचे चाळीस दिवस चालू, तो मटण-कोंबडी शिवत नाही. म्हणाला, "मावशी, ही तुम्ही ज्यांना शिव्या दिल्यात त्यांना द्या." मी म्हटलं, एकशे चाळीस कोंबड्या कुठून आणू? म्हणाला, एकच पुरे, करिष्माला. हौसा, पकड करणाऱ्या पोरीलापण मी सोडलं नव्हतं, म्हणजे ह्यांनी सोडलं नव्हतं. तिचा घोटा वाळवी खाईल असं काहीतरी बोललेले. ती पोर वीस वर्षांची, बाप धामणकर नाक्याजवळ लूमवर कापड विणतो, आणि फादर तिचाही चॅपलन! दोन्ही संघांचा एकच पाद्री, हे मला आधी पटेना. पण ती जिंकूनसुद्धा चार दिवस घराबाहेर पडली नव्हती, हार घातलेल्या माणसाचा शाप लागला म्हणून.

तर मी आणि उन्नती निघालो. गोधडी सोडून पोर पहिल्यांदा बाहेर पडली ती माझी लाज झाकायला. स्टँडवरून शेअर रिक्षा केली, कोंबडी पिशवीत, पिशवी मांडीवर. नाक्यावर नेहमीचा तुंबारा, पुढं टेंपो, मागं टेंपो, आणि कोंबडीनं पिशवीला भोक पाडून उडी मारली ती थेट रिक्षावाल्याच्या खांद्यावर. तो ओरडला, "अम्मा, इसका भी सवारी का भाड़ा लगेगा!" मी म्हटलं, पुढं बसलीय ती, तुझी मेहमान हाय. मग ती खाली उतरली आणि गाड्यांमधून पळाली. आणि उन्नती, दहा दिवस धड न जेवलेली, पदर नाही काही नाही, दोन टेंपोंच्या मधून वाकली, डावीकडं हूल दिली, उजवीकडून झेपावली आणि कोंबडीचा पाय धरला. सगळा नाका थांबून बघत होता. लूमवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, एक म्हातारे चाचा म्हणाले, "वाह बेटी, क्या पकड़ी है!" तिनं कोंबडी धरलेला हात वर करायला घेतला आणि अर्ध्यात थांबली. माझ्याकडं बघितलं. मग, हौसा, केला वर. दोन्ही केले. एका हातात कोंबडी फडफडतेय आणि पोर हसतेय. कोणी मोबाईलवर काढलं असेल तर काढलं असेल, आम्ही बघितलं नाही.

करिष्माच्या घरी मी हात जोडले. ती पोर माझ्या पाया पडायला वाकली आणि विचारते, "आजी, आजोबा अजून रागवलेत का?" मी म्हटलं, ते कधीच रागवत न्हवते ग, ती मीच हाय. मग दोघी पोरी आत जाऊन काय बोलल्या ते मला कळलं नाही, दाराला कान लावला होता पण शेजारी लूम चालू होते. कोंबडी त्यांनी कापली नाही, ती म्हणे आता अंडी देते.

तर आता उन्नती अडीच भाकऱ्यांवर आली आहे, रोज सरावाला जाते, मोबाईल दिवसातून अर्धा तास, तोही माधवीसमोर बसून. मनोज फादरला स्वतः बिरड्याला बोलावून आला. ह्यांच्या खात्यावरच्या शिव्या सगळ्या पुसल्या. आणि फादरचा उपास बघून उन्नतीनं मलाही चाळीस दिवस मोबाईलचा उपास लावला. जड जातो. काल टीव्हीच्या रिमोटमध्ये बोलत होते.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जप, भाऊजींच्या पेढ्यांवर लक्ष ठेव, आणि पत्र दोनदा वाचून घे, मला लिहायला दोन दुपारी लागल्या.

तुझी,
गुणाबाई

ता. क. भावेश, इथं थांब. इथून पुढं मोठ्यानं वाचू नकोस. हौसाला सांग, अक्षर पुसट आहे, जरा बघतो.

बाळा, तिसरं घर तुझं आहे. उन्नतीनं मला सांगितलं नाही, मी मोबाईल जप्त व्हायच्या आधी बघितलं. हँड्सअप हे नाव तू पाडलंस. पकडीनंतर तासाभरानं, सगळ्यांच्या आधी, तुझा गाडीवरचा फोटो आणि खाली, हँड्सअप, दिघाशीची वाघीण पोलिसांना शरण. पाच हसणारी तोंडं. तुला वाटलं बहिणीची थट्टा केली. अंगणात केली असतीस तर तिनं चप्पल फेकून मारली असती आणि तिथंच मिटलं असतं. तू ती चव्हाट्यावर केलीस आणि नऊशे लोकांनी उचलली. त्यांना काय माहीत की खळ्यात चुन्याची रेघ मारून तिला पहिली चढाई शिकवणारा तूच. तेव्हापासून तू आमच्याकडं फिरकला नाहीस, म्हणजे तुलाही कळलंय. तुझ्या आजीला, आजोबांना, मनोजला, कोणाला मी सांगितलेलं नाही. चारचौघात ओरडून काय होतं ते मी करून बघितलंय.

निवड चाचणी या रविवारी ठाण्याला, सकाळी आठला. मनोजला ड्युटी, सागर सर आदल्या दिवशीच पुढं, आणि फादरला रविवारी मिस्सा, म्हणजे त्यांची देवळातली पूजा, तेव्हा तो सोमवारपर्यंत कोणाच्याच कामाचा नाही. गाडी तुझ्याकडं आहे. मी पोरीला विचारलं, भावेशला बोलावू का? बराच वेळ ती बूट पुसत बसली. मग म्हणाली, "तो नाय येणार आजी, त्याला लाज वाटंल." मी म्हटलं, मग तर येईलच.

माफी वाटेत माग. नाही जमली तर गाडी नीट चालव. पण मोबाईलवर मागू नकोस.

ता. क. दुसरा. आता परत मोठ्यानं वाच, उजव्या कानाशी. हौसा, तुझा भावेश रविवारी उन्नतीला चाचणीला घेऊन जाणार आहे, तसं त्यानं कबूल केलं आहे. त्याला पाच वाजता उठव. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस, आत्ता त्याच्याच तोंडून ऐकलंस ना?